टीव्हीच्या खोक्यावरचे हर्ट्‌झ

५५ इंच, ४के, १० बिट, १२० हर्ट्‌झ, ‘मोशन रेट २४०’, २ जीबी रॅम, २० वॉट. दोन टीव्हींची माहिती शेजारी शेजारी ठेवली की मोठा आकडा तो चांगला, असा हिशोब आपण नकळत करतो आणि किंमतही त्याच हिशोबाने वाढत जाते. पण हे सगळे आकडे एका जातीचे नाहीत. इंच आणि वॉट ही मोजमापं आहेत. ‘मोशन रेट’ हे कंपनीने दिलेलं नाव आहे. हर्ट्‌झचं तिसरंच आहे. तो आकडा खरा असला तरी एकट्याने फारसं काही सांगत नाही. पडदा सेकंदाला किती वेळा बदलू शकतो, एवढंच त्यातून कळतं. त्याला बदलायला तेवढी नवी चित्रं मिळणार आहेत का, हा प्रश्न उरतोच. ग्राहकाचे पैसे सार्थकी लागतात की वाया जातात, ते या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

दोन वेगळे आकडे

पडद्यावर प्रत्यक्षात काहीच हलत नसतं. स्थिर चित्रं एकामागून एक येतात आणि आपला मेंदू त्यांतून हालचाल जुळवतो. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. चित्रीकरण करताना कॅमेऱ्याने सेकंदाला जितक्या फ्रेम टिपल्या, तो झाला फ्रेम रेट. टीव्हीचा पडदा सेकंदाला जितक्या वेळा नव्याने रंगवला जातो, तो रिफ्रेश रेट. तो हर्ट्‌झमध्ये मोजतात. विद्युतचुंबकीय लहरींचं अस्तित्व प्रयोगाने दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्‌झ यांच्या नावावरून हे एकक आलं. ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी रंगवला जातो, १२० हर्ट्‌झचा दर ८.३ मिलिसेकंदांनी.

फ्रेम रेट कार्यक्रमाचा आणि रिफ्रेश रेट टीव्हीचा. स्टँडवरून तासाला बारा एसट्या सोडल्या, पण प्रवासी सहा गाड्यांपुरतेच असले, तर वाढीव फेऱ्यांमुळे गावात जास्त माणसं पोचत नाहीत. १२० हर्ट्‌झच्या पडद्याला सेकंदाला ६० फ्रेम मिळाल्या, तर तो प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो. नवं काही घडत नाही.

२४, २५, ५० आणि ६०

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला तेव्हा सेकंदाला अमुकच फ्रेम, असा पक्का नियम नव्हता. वेग थोडा कमीजास्त झाला तरी चालून जाई. १९२० च्या दशकाअखेरीस बोलपट आले आणि ही मोकळीक संपली. आवाज फिल्मच्या कडेलाच छापला जाऊ लागला आणि फिल्मचा वेग जरा बदलला की आवाजाची पट्टीही बदलू लागली. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हा वेग ठरून गेला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ चा. तेव्हापासून आजच्या ओटीटीवरच्या सिनेमापर्यंत बहुतेक चित्रपट याच वेगाने चित्रित होतात.

टीव्हीचे आकडे विजेच्या तारेतून आले. सुरुवातीच्या टीव्हींमध्ये चित्राचा वेग आणि घरातल्या विजेची वारंवारता जुळली नाही, तर पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिथलं प्रसारण ६० च्या हिशोबाने बेतलं गेलं. युरोपात वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून तिथे ५०. आपल्याकडेही वीज ५० हर्ट्‌झची आणि रंगीत प्रसारणासाठी आपण युरोपातलीच पाल पद्धत घेतली. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं ते याच पद्धतीने: सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत, म्हणजे ५० वेळा पडद्यावर हालचाल. आपल्या वाहिन्यांचं प्रसारण आजही ५० च्या हिशोबाने चालतं.

पाल पद्धतीच्या देशांत २४ चा सिनेमा टीव्हीवर दाखवायचा तर एक सोपी युक्ती होती. तो २५ च्या वेगाने पळवायचा. दोन तासांचा चित्रपट अशा प्रसारणात सुमारे ११५ मिनिटांत संपे.

थोडक्यात, घरातल्या एकाच टीव्हीवर रोज तीन-चार वेगवेगळे वेग येऊन थडकतात: सिनेमा आणि बहुतेक वेबमालिका २४ किंवा २५, वाहिन्यांवरची मालिका आणि क्रिकेट २५ किंवा ५०, यूट्यूबवरचे व्हिडिओ ३० किंवा ६०, गेमिंग कन्सोल ६० किंवा १२०. ओटीटी आणि वाहिन्यांवर १२० फ्रेमचं चित्रण आज मिळत नाही. ‘१२० हर्ट्‌झवर क्रिकेट बघा’ ही जाहिरात वाचताना हे ध्यानात असू द्यावं. पडदा १२० चा असला तरी सामना ५० चाच येतो.

हिशोब न जुळला की झटके

२४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर बसवायचा कसा? ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. मग एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवतात. पहिली ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, दुसरी ५०. पात्रं बसून बोलत असतात तोवर हे कुणाला कळत नाही. कॅमेरा डोंगररांगेवरून किंवा गर्दीवरून हळूहळू सरकू लागला की मात्र चित्र अडखळत जातं. इथे १२० चं मोल दिसतं. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ३० ने जातो, ६० नेही जातो. सिनेमाची प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवली जाते आणि चाल एकसारखी राहते. सावकाश, लांब दृश्यांचे सिनेमे ज्यांना आवडतात, त्यांच्यासाठी १२० हर्ट्‌झच्या पॅनेलचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. जाहिरातीत मात्र तो क्वचित सांगितला जातो.

६० हर्ट्‌झवर ५० चा सामना आला तरी असाच प्रश्न पडतो. बहुतेक टीव्ही सेट-टॉप बॉक्समधून ५० चा संकेत आला की पॅनेल स्वतःहून ५० वर आणतात, त्यामुळे अडचण येत नाही. पण तोच सामना टीव्हीतल्या अ‍ॅपवर किंवा स्टिकवर पाहिला आणि ते उपकरण ६० वरच अडून बसलं, तर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते. सीमारेषेकडे पळणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा वळतो तेव्हा जाणवणारे बारीक झटके पुष्कळदा यातून येतात. इंटरनेटला दोष देण्याआधी सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ अशा नावाचा पर्याय शोधून तो चालू करून पाहावा. फायर टीव्ही, अँड्रॉइड टीव्ही आणि अ‍ॅपल टीव्ही या तिन्हींवर अशी सोय आहे, मात्र अ‍ॅपनेही ती पाळायला हवी.

धूसरपणा येतो कुठून

झटके वेगळे आणि धूसरपणा वेगळा. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये प्रत्येक बिंदू क्षणभर चमकून विझायचा. एलसीडी आणि ओएलईडी पडद्यावर एक फ्रेम पुढची येईपर्यंत तशीच उजळ राहते. चेंडूचा पाठलाग करताना आपली नजर सलग सरकत असते, चित्र मात्र मध्येमध्ये थबकत असतं. या फरकामुळे डोळ्याच्या पडद्यावर चेंडू फराटल्यासारखा उमटतो.

हा फराटा केवढा असतो, हे साध्या गणिताने काढता येतं. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. एखादी वस्तू दोन सेकंदांत हा पडदा ओलांडत असेल, तर तिचा वेग सेकंदाला ६१ सेंटिमीटर. सेकंदाला ५० फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेममध्ये ती सव्वा सेंटिमीटर पुढे सरकते आणि साधारण तेवढीच पुसट होते. २५ फ्रेम असतील तर जवळजवळ अडीच सेंटिमीटर. खऱ्या १२० फ्रेम असतील तर जेमतेम अर्धा. या गणितात फ्रेम मोजल्या आहेत, पडद्याच्या फेऱ्या नाहीत. तीच फ्रेम दोनदा दाखवली, तर फराटा तिळभरही कमी होत नाही.

एलसीडीत आणखी एक उणेपणा आहे. तिच्यातल्या स्फटिकांना एका रंगछटेतून दुसरीत जायला काही मिलिसेकंद लागतात, गडद छटांमध्ये जास्तच. त्यामुळे हलत्या वस्तूमागे सावली राहते. ओएलईडीचा बिंदू स्वतः उजळतो, तो मिलिसेकंदाच्या अगदी लहान अंशात बदलतो आणि अशी सावली सोडत नाही. म्हणून एकाच हर्ट्‌झचे दोन टीव्ही हालचाल सारखीच दाखवतील, असं मानता येत नाही.

टीव्हीने स्वतः काढलेल्या फ्रेम

कार्यक्रमात फ्रेम कमी असतील तर टीव्ही त्या बनवू शकतो. दोन फ्रेममध्ये कोणती वस्तू कुठून कुठे गेली, याचा अंदाज घेऊन तो मधली फ्रेम तयार करतो. माहितीपत्रकात याला ‘एमईएमसी’ म्हणतात. एलजी त्याला ट्रूमोशन म्हणते, सोनी मोशनफ्लो.

क्रिकेटसाठी किंवा कबड्डीसाठी ही सोय बेताने वापरली तर उपयोगी पडते. मात्र अंदाज चुकतोही. जोरात फिरणाऱ्या बॅटची कडा तुटते किंवा धावणाऱ्या खेळाडूभोवती पाण्यासारखी थरथर दिसते. सिनेमात हानी वेगळी होते. २४ फ्रेमच्या हालचालीची एक खास ठेवण असते आणि दिग्दर्शकाने व छायाचित्रकाराने ती जाणून वापरलेली असते. मधल्या फ्रेम घातल्या की भव्य दृश्यही स्टुडिओतल्या दैनंदिन मालिकेसारखं दिसू लागतं. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना ही सोय बंद ठेवण्याची विनंती केली. पुढच्याच वर्षी यूएचडी अलायन्स या संस्थेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. त्यात हा सगळा हस्तक्षेप एका बटणाने थांबतो. आपल्या टीव्हीत तो असेल, तर चित्रपट पाहताना जरूर वापरावा. ज्यांनी तो सिनेमा घडवला, त्यांनी तो जसा पाहिला त्याच्या सर्वांत जवळ आपण तेव्हाच जातो.

१२० लिहिलं म्हणजे १२० असेलच असं नाही

माहितीपत्रकात हर्ट्‌झचे तीन प्रकार भेटतात.

पहिला नेटिव्ह, म्हणजे पॅनेलचा स्वतःचा रिफ्रेश रेट. तुलना करायची ती याच आकड्याची.

दुसरा ‘मोशन रेट’सारख्या नावाने येणारा. यात पॅनेलचा वेग आणि चित्रावरची प्रक्रिया एकत्र करून मोठा आकडा दिलेला असतो, साधारणपणे मूळ वेगाच्या दुप्पट. त्यामुळे ‘मोशन रेट १२०’ दिसलं की पॅनेल ६० चं असण्याचीच शक्यता जास्त. या आकड्यामागे हर्ट्‌झ लिहिलेलं नसतं, हीच त्याची खूण.

तिसरा प्रकार अलीकडचा: ‘१२० हर्ट्‌झ डीएलजी’. इथे पॅनेल ४के आणि ६० हर्ट्‌झचंच असतं. १२० चा वेग गाठण्यासाठी ते दोन-दोन ओळी एकत्र रंगवतं. वेग दुप्पट होतो, पण २१६० ओळींऐवजी १०८० ओळींचाच तपशील उरतो. गेम खेळणाऱ्याला हा सौदा पटू शकतो. मात्र त्याला खऱ्या १२० हर्ट्‌झ ४के पॅनेलचा भाव देऊ नये.

हे ओळखायची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरची पुस्तिका. तिच्या शेवटी, टीव्ही कोणते संकेत स्वीकारतो याचा तक्ता असतो. त्यात ३८४० × २१६० च्या पुढे १२० हर्ट्‌झ लिहिलं असेल, तर टीव्ही पूर्ण ४के चित्र त्या वेगाने घेतो. १२० फक्त १९२० × १०८० पुढे असेल, तर काय समजायचं ते उघड आहे.

गेमिंगसाठी घेणाऱ्यांनी एचडीएमआयची जागाही तपासावी. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात आणि त्यात ४के चित्र ६० फ्रेमपर्यंत बसतं. १२० फ्रेमसाठी २.१ ची ४८ गिगाबिटपर्यंत जाणारी वाट लागते. पण नुसतं ‘२.१’ वाचून थांबू नये, कारण त्या आवृत्तीतल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. ‘४के १२०’, ‘व्हीआरआर’ आणि ‘एएलएलएम’ हे तीन शब्द वेगवेगळे शोधावेत. व्हीआरआरमुळे पडद्याचा वेग गेमच्या वेगाबरोबर कमीजास्त होतो आणि चित्र मध्येच फाटत नाही. एएलएलएममुळे कन्सोल सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडवर जातो. शिवाय पुष्कळ टीव्हींत चारपैकी दोनच जागा १२० च्या असतात.

बाकीच्या आकड्यांना किती महत्त्व द्यावं

तपशील, म्हणजे रिझोल्युशन, बसण्याच्या अंतरावर ठरतं. निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटाचा फरक ओळखतो. त्या हिशोबाने ५५ इंची पडद्यापासून सात फुटांच्या पलीकडे बसलं, तर फुल एचडी आणि ४के यांतला फरक नजरेत येणं कठीण. ३२ इंची टीव्हीला सहा फुटांवरून एचडी रेडीदेखील पुरतं. आपल्या घरांत सोफा आणि भिंत यांच्यातलं अंतर आधीच ठरलेलं असतं. ते मोजून मगच इंच आणि ‘के’ यांचा विचार करावा.

उजेड आणि काळोख यांतली तफावत मात्र कुठूनही दिसते. मला विचाराल तर हर्ट्‌झच्याही आधी तिच्यावर पैसे खर्च करावेत. उजेड निट्समध्ये मोजतात. २५०-३०० निट्सच्या पडद्यावर ‘एचडीआर’ लिहिलं, तर तो तसा संकेत फक्त वाचू शकतो. सूर्याची तिरीप किंवा दिवाळीच्या पणत्या खऱ्या तेजाने दाखवायला त्याच्याकडे प्रकाशच नसतो. ‘लोकल डिमिंग’ आणि ‘मिनी एलईडी’ हे शब्द इथे कामाचे आहेत. पडद्यामागचा प्रकाश त्यात तुकड्यातुकड्याने मंद होतो आणि काळा रंग काळा दिसतो. ‘क्यूएलईडी’ हाही एलसीडीचाच प्रकार. ज्यांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, त्या क्वांटम डॉट्समुळे त्यात रंग अधिक शुद्ध होतात, पण त्याचा ओएलईडीशी संबंध नाही. ८ बिटचा पडदा सुमारे १.६७ कोटी रंगछटा दाखवतो, १० बिटचा १०७ कोटी. संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडतात की रंग अलगद उतरतात, ते इथे कळतं.

पॅनेल आयपीएस आहे की व्हीए, हेही विचारावं. व्हीएचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. पाहुण्यांनी भरलेल्या, लांबट हॉलमध्ये आयपीएस सोयीचं ठरतं. रॅम शक्यतो दोन जीबीहून कमी नसावी, नाहीतर दोन वर्षांत अ‍ॅप उघडताना वाट पाहावी लागते. अर्थात बाहेरून स्टिक लावून ही उणीव भरून काढता येते. पॅनेल मात्र नंतर बदलता येत नाही. म्हणून पैसा आधी पॅनेलवर घालावा, ‘स्मार्ट’पणावर मग. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते छापलेलं असतं. तोही तुलनेचा आकडा आहे.

दुकानात काय पाहावं

दुकानातला टीव्ही बहुधा प्रदर्शनासाठीच्या भडक मोडवर असतो आणि त्यावर फुलं, मासे, डोंगर अशी संथ दृश्यं चालू असतात. त्यांतून हालचालीची परीक्षा होत नाही. दुकानदाराला टीव्ही घरगुती मोडवर आणायला सांगावं आणि मराठी वृत्तवाहिनी लावायला सांगावी. खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीवर नजर ठेवावी. काना-मात्रा, वेलांट्या आणि रफार सरकतानाही स्वच्छ वाचता येतात का, अक्षरांमागे सावली राहते का, पट्टी मध्येच अडखळते का, हे दोन मिनिटांत कळतं. मग एखाद्या सिनेमातलं कॅमेरा सावकाश सरकणारं दृश्य पाहावं, एकदा मधल्या फ्रेमची सोय चालू ठेवून आणि एकदा बंद करून. शेवटी बाजूला चार पावलं सरकून रंग बघावेत.

घरात मुख्यतः मालिका, बातम्या आणि सामने पाहिले जात असतील, तर चांगलं ६० हर्ट्‌झचं पॅनेल पुरेसं आहे. उरलेले पैसे उजेड, रंग आणि वेगळा साउंडबार यांवर घातले तर त्यांचा उपयोग रोज होईल. चित्रपट मन लावून पाहणाऱ्याने नेटिव्ह १२० घ्यावा, आणि शक्य असेल तर ओएलईडी किंवा मिनी एलईडी. नवा कन्सोल असलेल्याने ४के १२० आणि व्हीआरआर यांवर तडजोड करू नये. तिघांच्याही बाबतीत क्रम एकच: आपण काय पाहतो आणि किती अंतरावरून पाहतो, हे आधी कागदावर लिहायचं आणि मग किंमतपत्रक उघडायचं. त्या कागदाशी जुळणाऱ्या आकड्यांचेच पैसे द्यायचे, बाकीचे आकडे कितीही मोठे असले तरी.